मीठ, पाणी आणि मूत्रपिंड : रेनिनपासून अल्डोस्टेरॉनपर्यंत

मी भाषेचा अध्यापक. उर्दू आणि मराठीच्या तासांतून गेली अठरा वर्षे माझा संबंध शब्दांशी आला, मूत्रपिंडाशी नाही. तेव्हा या विषयावर लिहिण्याचा अधिकार काय, असे विज्ञान विभागातील सहकाऱ्यांनी विचारले तर ते रास्तच होईल. परंतु तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात घरी एक प्रसंग घडला, आणि त्यानंतर शरीरक्रियाशास्त्राची पुस्तके चाळल्याशिवाय मला राहवेना. जे समजले ते आपल्या महाविद्यालयांतील अध्यापकांसमोर, विशेषतः माझ्यासारख्या कला शाखेच्या अध्यापकांसमोर ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

माझे मामू तेव्हा ७१ वर्षांचे होते. रक्तदाबासाठी ते रोज टेल्मिसार्टन आणि तिच्या जोडीला लघवी वाढवणारी एक गोळी घेत. एका लग्नाच्या जेवणानंतर त्यांना जुलाब लागले. दोन दिवस आम्ही साधे पाणी, शहाळे आणि ‘बी.पी. आहे’ म्हणून बिनमिठाचे ताक देत राहिलो. रक्तदाबाच्या गोळ्या चुकू नयेत म्हणून त्या आठवणीने दिल्या. अंग फार दुखते म्हणाले, तेव्हा मीच औषधांच्या दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणल्या. तिसऱ्या दिवशी लघवी जवळजवळ बंद झाली आणि त्यांचे बोलणे असंबद्ध होऊ लागले. रुग्णालयात रक्त तपासले. चार महिन्यांपूर्वी १.१ असलेले क्रिएटिनिन ४.८ झाले होते आणि सोडियम १२६ वर आले होते.

त्यांच्या शेजारच्या खाटेवर हृदयविकाराच्या एक वयस्क बाई होत्या. पाय सुजलेले, दम लागलेला. त्यांचे सोडियमही १२६-१२७ च्या आसपासच होते. मामूंच्या हाताला सलाईन लावले होते, म्हणजे मीठच दिले जात होते. त्या बाईंना मात्र मीठ बंद आणि पाणी पेल्याने मोजून. तपासणीतला आकडा एकच आणि उपचार अगदी उलट. मी डॉक्टरांना याचे कारण विचारले. ते म्हणाले, “सर, रिपोर्टवरचं सोडियम म्हणजे अंगातलं मीठ नव्हे. मीठ आणि पाण्याचं ते प्रमाण आहे. मीठ किती आहे ते पाय आणि नाडी बघून कळतं.” हे एक वाक्य नीट उलगडायला मला पुढे कितीतरी महिने लागले.

मिठाच्या मागे पाणी

६० किलो वजनाच्या प्रौढ पुरुषाच्या शरीरात सुमारे ३६ लिटर पाणी असते. त्यातील दोन तृतीयांश पेशींच्या आत आणि एक तृतीयांश पेशींच्या बाहेर असते. या बाहेरच्या पाण्यापैकी रक्तद्रव जेमतेम ३ लिटर. पेशींच्या आतले पाणी पोटॅशियमचे आणि बाहेरचे पाणी सोडियमचे, अशी ढोबळ वाटणी आहे. प्रत्येक पेशीच्या आवरणातील पंप सोडियम बाहेर आणि पोटॅशियम आत ढकलून ती वाटणी अहोरात्र राखत असतात. रक्तातील सोडियम लिटरमागे १३५ ते १४५ मिलिमोल या अरुंद पट्ट्यात राहते.

सलाईनची बाटली आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. तिच्यात मिठाचे प्रमाण ०.९ टक्के, म्हणजे लिटरला ९ ग्रॅम असते. शरीराबाहेर न जाऊ दिलेले दर ९ ग्रॅम मीठ आपल्यामागे सुमारे एक लिटर पाणी धरून ठेवते, आणि वजनकाट्यावर ते एक किलो म्हणून दिसते. म्हणून शरीरात पाणी किती राहील हे अंतिमतः मीठ ठरवते. रक्त दाट की पातळ हे मात्र पाणी ठरवते.

सरबताचे उदाहरण घ्यावे. पेल्यातील सरबत अळणी लागले, तर मीठ कमी पडले असेल किंवा पाणी जास्त झाले असेल. केवळ चव घेऊन पातेल्यात एकूण मीठ किती हे सांगता येणार नाही. मामूंच्या शरीरातून जुलाबावाटे मीठ आणि पाणी दोन्ही गेले होते, आणि आम्ही फक्त पाणी भरले होते. शेजारच्या बाईंच्या शरीरात मीठ गरजेपेक्षा बरेच जास्त साठले होते, पण पाणी त्याहूनही जास्त साठले होते. दोघांचेही सरबत अळणीच, पण एकाचे पातेले अर्धे रिकामे आणि दुसरीचे काठोकाठ भरलेले.

हे दोन हिशेब शरीर दोन वेगळ्या यंत्रणांकडून करवून घेते, हे लक्षात आले की पुढचे सारे सोपे होते. प्रमाणाचा हिशेब मेंदूकडे आहे. एकूण साठ्याचा हिशेब प्रामुख्याने मूत्रपिंडाकडे आहे. त्यात शेवटचा शब्द दोन्ही वेळा मूत्रपिंडाचाच, कारण प्रत्यक्ष काम तेथेच होते.

दीड किलो मिठाची ने-आण

दोन्ही मूत्रपिंडांचे मिळून वजन ३०० ग्रॅमच्या आसपास भरते. प्रत्येकात सुमारे दहा लाख नेफ्रॉन असतात. नेफ्रॉन म्हणजे केशवाहिन्यांचा एक बारीक गुच्छ आणि त्याला जोडलेली लांब नलिका. या गुच्छांतून दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो. रक्तद्रव ३ लिटरच असल्याने याचा अर्थ असा, की आपला सगळा रक्तद्रव रोज साठ वेळा गाळून निघतो. या १८० लिटरमध्ये सुमारे दीड किलो मीठ असते. आपण खातो किती? जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, आणि आपल्या जेवणात लोणचे-पापड धरून त्याहून बरेच जास्त. तरी दीड किलोपुढे ती रक्कम क्षुल्लकच. गाळलेल्या मिठापैकी ९९ टक्क्यांहून अधिक मीठ नलिका परत घेते आणि उरलेले, म्हणजे साधारणपणे आदल्या दिवशी खाल्ले तेवढेच, लघवीतून सोडते.

आपल्याकडे ‘खाल्ल्या मिठाला जागणे’ म्हणतात, उर्दूत ‘नमकहलाल’. शब्दशः या विशेषणास पात्र असा शरीरातील एकच अवयव आहे.

गाळलेल्या सोडियमपैकी सुमारे दोन तृतीयांश नलिकेच्या पहिल्याच भागात परत घेतले जाते आणि आणखी चतुर्थांश हेन्लेच्या वळणात. ही ठोक खरेदी जवळपास ठरलेलीच असते. खरा निर्णय होतो तो नलिकेच्या शेवटच्या टोकाला, उरलेल्या दोन-तीन टक्क्यांवर. हे प्रमाण नगण्य वाटेल. पण दीड किलोचे दोन-तीन टक्के म्हणजे ३० ते ४५ ग्रॅम, अर्थात आपण दिवसभरात खातो त्याच्या कितीतरी पट. ते सगळे वाहून गेले तर चार दिवसांत माणूस कोसळेल. संप्रेरकांचा अंमल मुख्यतः या टोकावर चालतो.

प्रथम मेंदूचा हिशेब उरकून घेऊ, कारण तो तुलनेने सरळ आहे. रक्त एक-दोन टक्क्यांनी जरी दाट झाले, तरी मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसमधील पेशींना ते कळते. दोन गोष्टी होतात. तहान लागते, आणि पियुषिका ग्रंथीतून व्हेसोप्रेसिन हे संप्रेरक रक्तात सुटते. ते मूत्रपिंडाच्या संग्राहक नलिकांवर काम करते. त्या पेशींच्या पोटात ॲक्वापोरिन नावाच्या प्रथिनांच्या जलवाहिन्या घडी करून ठेवलेल्या असतात. व्हेसोप्रेसिनचा हुकूम आला की त्या पृष्ठभागावर बसवल्या जातात आणि पाणी परत रक्तात शिरते. लघवी थोडी आणि गडद होते. पूर्वीचे हकीम ‘कारूरा’ पाहत, म्हणजे काचेच्या भांड्यातील लघवीचा रंग निरखत, तेव्हा ते बऱ्याच अंशी व्हेसोप्रेसिनचाच अंमल पाहत होते असे म्हणायला हरकत नाही. पेशींतील या जलवाहिन्यांच्या शोधासाठी पीटर ॲग्रे यांना २००३ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

नाक्यावरचा पहारेकरी

आता मूत्रपिंडाचा स्वतःचा हिशेब. नेफ्रॉनची नलिका खाली उतरते, वळते, वर येते आणि नेमकी आपल्याच केशवाहिनी-गुच्छाच्या तोंडाशी येऊन त्यात रक्त आणणाऱ्या बारीक रोहिणीला टेकते. प्रत्येक नेफ्रॉनमध्ये हेच घडते. जेथे ती टेकते तेथे नलिकेच्या भिंतीत दाट पेशींचा एक ठिपका असतो. त्याला मॅक्युला डेन्सा म्हणतात. रोहिणीच्या भिंतीत त्याला लागून काही विशेष पेशी असतात, आणि त्यांच्यात रेनिन साठवलेले असते.

पूर्वी गावाच्या वेशीवर जकात नाका असे. मॅक्युला डेन्सा हा तसा नाका आहे. पुढून किती मीठ वाहत गेले ते तो मोजतो. मीठ कमी जाऊ लागले, तर गाळणीवर पुरेसे रक्त येत नाही असा त्याचा अर्थ लावला जातो आणि शेजारच्या पेशींना रेनिन सोडण्याचा इशारा मिळतो. त्या पेशी स्वतःही रोहिणीतील दाब जोखतात आणि दाब पडला की रेनिन सोडतात. तिसरा इशारा मज्जातंतूंकडून येतो. रक्तस्राव, भीती, अचानक उभे राहणे अशा वेळी तो मिळतो. तीन वेगवेगळ्या वाटांनी एकच बातमी येते, की नळातला दाब कमी होतो आहे.

रेनिनचा शोध १८९८ चा. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत रॉबर्ट टायगरश्टेट आणि त्यांचे सहकारी पेर बर्गमन यांनी सशाच्या मूत्रपिंडाचा अर्क दुसऱ्या सशाच्या रक्तात सोडला. रक्तदाब वाढला. लॅटिनमध्ये मूत्रपिंडाला ‘रेन’ म्हणतात, त्यावरून त्यांनी या द्रव्यास रेनिन हे नाव दिले. पुढची तीसेक वर्षे या शोधाकडे फारसे कोणी वळून पाहिले नाही. १९३४ मध्ये अमेरिकेत क्लीव्हलँड येथे हॅरी गोल्डब्लॅट यांनी कुत्र्यांच्या मूत्रपिंडाकडे जाणारी रोहिणी चिमट्याने थोडी आवळली आणि त्या कुत्र्यांचा रक्तदाब कायमचा चढला. तेव्हा कोठे रेनिनची आठवण झाली.

शास्त्रीय काटेकोरपणाने बोलायचे तर रेनिन हे संप्रेरक नाही, विकर आहे. ते थेट रोहिण्यांना आवळत नाही. यकृतात तयार होऊन रक्तात तरंगणाऱ्या एका मोठ्या प्रथिनाचा तुकडा ते कापते. दहा अमिनो आम्लांचा तो तुकडा जवळपास निष्क्रिय असतो. फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांत आणि इतरत्रही असलेले दुसरे विकर त्याची दोन अमिनो आम्ले छाटते, आणि आठ अमिनो आम्लांचा जो तुकडा उरतो तोच खरा कर्ता.

त्याच्या नावाची कथा भाषेच्या माणसाला सांगावीशी वाटणारच. १९३९-४० च्या सुमारास ब्युनोस आयर्समध्ये एदुआर्दो ब्राउन-मेनेंदेस यांच्या गटाला आणि इंडियानापोलिसमध्ये अर्विन पेज यांच्या गटाला हे द्रव्य स्वतंत्रपणे सापडले. पहिल्यांनी त्याला ‘हायपरटेन्सिन’ म्हटले, दुसऱ्यांनी ‘अँजिओटोनिन’. जवळपास वीस वर्षे एकाच द्रव्याची दोन नावे चालली. शेवटी १९५८ मध्ये ब्राउन-मेनेंदेस आणि पेज या दोघांनी मिळून तडजोड केली. एकाच्या शब्दाचे डोके, दुसऱ्याच्या शब्दाची शेपटी, आणि ‘अँजिओटेन्सिन’ हा शब्द जन्मला. परिभाषेच्या वादात दोन्ही पक्ष आपला अर्धा शब्द सोडायला तयार झाल्याचे उदाहरण आपल्या परिभाषा समित्यांत मला तरी आढळलेले नाही.

अँजिओटेन्सिनची कामे अनेक आहेत, पण दिशा एकच. ते रोहिण्या आवळते, त्यामुळे दाब लगेच सावरतो. तहान लावते. नलिकेच्या पहिल्या भागाला जास्त सोडियम परत घ्यायला लावते. गाळणीतून रक्त बाहेर नेणारी सूक्ष्म रोहिणी ते विशेष आवळते. त्यामुळे एकूण रक्त कमी येत असले तरी गाळणीतला दाब टिकून राहतो आणि मूत्रपिंडाचे काम थांबत नाही. हा मुद्दा कृपया लक्षात ठेवावा, मामूंच्या बाबतीत तो पुन्हा येणार आहे. आणि शेवटी, मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींना ते अल्डोस्टेरॉन सोडण्यास सांगते.

अल्डोस्टेरॉन लंडनमध्ये सिल्व्हिया सिम्प्सन आणि जेम्स टेट या दांपत्याने शोधले आणि १९५३ मध्ये ते शुद्ध रूपात हाती आले. प्रथम त्याला ‘इलेक्ट्रोकॉर्टिन’ म्हणत. नलिकेच्या शेवटच्या टोकावरील ते दोन-तीन टक्के मीठ याच्या ताब्यात असते. अँजिओटेन्सिनचा परिणाम काही क्षणांत दिसतो, अल्डोस्टेरॉनला तास लागतात, कारण ते पेशीच्या केंद्रकात जाऊन सोडियमच्या नव्या वाटा आणि नवे पंप तयार करवून घेते. सोडियम आत घेताना पोटॅशियम बाहेर टाकले जाते. ज्यांच्या अधिवृक्क ग्रंथी निकामी होतात त्यांचे मीठ सतत वाहून जाते, रक्तदाब खाली येतो, पोटॅशियम वाढते. अशा काही रुग्णांना मीठ खाण्याची अनावर इच्छा होते. थॉमस ॲडिसन यांनी १८५५ मध्ये या रोगाचे वर्णन केले तेव्हा संप्रेरक हा शब्दही अस्तित्वात नव्हता.

या यंत्रणेची ताकद पाहायची तर ॲमेझॉनच्या जंगलातील यानोमामी लोकांकडे पाहावे. त्यांच्या आहारात वरून मीठ घालण्याची रीत नव्हती. १९७० च्या दशकात त्यांची तपासणी झाली, तेव्हा त्यांच्या लघवीत सोडियम जवळपास नव्हतेच आणि रेनिन व अल्डोस्टेरॉन भरपूर होते. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इंटरसॉल्ट’ या ३२ देशांतील ५२ केंद्रांच्या अभ्यासात त्यांचा सरासरी रक्तदाब ९५ आणि ६१ च्या आसपास आढळला. वय वाढले तरी तो वाढत नव्हता. मनुष्यजातीने आपल्या इतिहासाचा फार मोठा काळ अशाच अळणी आहारावर काढला. आपल्या मूत्रपिंडातील पहारेकरी मिठाच्या दुष्काळासाठी नेमलेला आहे, सुकाळ कसा हाताळावा हे त्याला तितकेसे साधत नाही. रक्तदाब हा घरोघरीचा आजार झाला, त्याचे एक मुख्य कारण येथे आहे.

सुकाळाची बाजू सांभाळणारे संप्रेरक अगदीच नाही असे नव्हे. १९८१ मध्ये कॅनडात अडोल्फो डी बोल्ड यांनी उंदराच्या हृदयाच्या अलिंदांचा अर्क दुसऱ्या उंदराला टोचला, आणि त्या उंदराने थोड्याच वेळात भरपूर मीठ व पाणी लघवीतून सोडले. रक्ताचा साठा वाढून हृदय ताणले गेले की ते स्वतःच मूत्रपिंडाला निरोप पाठवते, की मीठ सोड, रेनिन आवर. उर्दूत धैर्याला ‘दिल-गुर्दा’ म्हणतात. हृदय आणि मूत्रपिंड यांची जोडी या शब्दाने फार पूर्वीच लावून ठेवली होती, त्यामागचे रसायन मात्र आपल्या हयातीत कळले.

सापाचे विष आणि घरातल्या गोळ्या

ब्राझीलमध्ये जराराका नावाचा विषारी साप आहे. तो चावला की रक्तदाब एकदम कोसळतो. या विषाचा अभ्यास करताना सर्जिओ फरेरा या ब्राझिली शास्त्रज्ञाला १९६० च्या दशकात त्यात काही लहान प्रथिन-तुकडे आढळले. इंग्लंडमधील जॉन व्हेन यांच्या प्रयोगशाळेत ते तुकडे नेल्यावर दिसून आले, की अँजिओटेन्सिन तयार करणारे विकर ते रोखतात. त्याच धाग्यावरून अमेरिकेतील डेव्हिड कुशमन आणि मिगेल ओन्देत्ती यांनी तोंडाने घेता येईल असे कॅप्टोप्रिल बनवले. १९८१ मध्ये त्यास अमेरिकेत परवानगी मिळाली. आज ज्या औषधांच्या नावाच्या शेवटी ‘प्रिल’ येते ती या कुळातली. ‘सार्टन’ येते ती पुढची पिढी. ती अँजिओटेन्सिन बनू देतात, पण ते जेथे चिकटते ती जागा अडवतात. स्पायरोनोलॅक्टोन हे अल्डोस्टेरॉनची जागा अडवते. रक्तदाब, हृदयाचा अशक्तपणा, मधुमेहाने बिघडणारे मूत्रपिंड या तिन्हींत या औषधांनी असंख्य लोकांचे आयुष्य वाढवले आहे. पुढे जे लिहितो आहे ते वाचून कोणी आपल्या गोळ्या परस्पर बंद करू नयेत.

जॉन व्हेन यांचे नाव आणखी एका कारणासाठी येथे हवे. ॲस्पिरिनसारख्या वेदनाशामक गोळ्या शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये बनू देत नाहीत, हे १९७१ मध्ये त्यांनीच दाखवले. मूत्रपिंडातही प्रोस्टाग्लँडिन बनते. संकटकाळी गाळणीत रक्त आणणारी सूक्ष्म रोहिणी उघडी ठेवणे हे तेथे त्याचे काम.

आता मामूंचा हिशेब मांडता येतो. जुलाबांमुळे मीठ आणि पाणी गेले, रक्ताचा साठा घटला. लघवी वाढवणाऱ्या गोळीने आणखी मीठ बाहेर काढले. मूत्रपिंडाने रेनिन सोडले, अँजिओटेन्सिन बनले, पण टेल्मिसार्टनने त्याची जागा अडवलेली होती. गाळणीच्या बाहेरची रोहिणी आवळून दाब राखण्याची वाट बंद झाली. उरली होती आत येणारी रोहिणी उघडी ठेवण्याची वाट. ती मी आणलेल्या वेदनाशामक गोळ्यांनी बंद केली. गाळणीतला दाब गेला आणि लघवी थांबली. तिन्ही औषधे एरवी आपापल्या जागी योग्यच, पण जुलाबाच्या दिवसांत एकत्र आल्यावर त्यांनी मूत्रपिंडाचे दोन्ही हात बांधले.

सोडियमचा उलगडाही यातच आहे. रक्ताचा साठा दहा टक्क्यांच्या आसपास घटला, की व्हेसोप्रेसिन प्रमाणाचा विचार सोडून देते आणि आहे ते पाणी धरून ठेवते. साठा आधी, प्रमाण नंतर, असा शरीराचा क्रम आहे. अशा वेळी आम्ही पाजलेले साधे पाणी आत अडकले आणि रक्त पातळ होत गेले. शेजारच्या बाईंच्या दुर्बल हृदयामुळे त्यांच्या मूत्रपिंडापर्यंत रक्ताचा जोर पोचत नव्हता. नाक्याला वाटले, साठा घटला. रेनिन, अल्डोस्टेरॉन, व्हेसोप्रेसिन सगळीच वाढली आणि सुजलेल्या शरीरात आणखी मीठ-पाणी साठत राहिले. पहारेकरी प्रामाणिक होता, पण त्याला मिळालेली बातमी खोटी होती.

आम्ही काय द्यायला हवे होते? जलसंजीवनी, म्हणजे ओ.आर.एस. १९७१ च्या बांगलादेश मुक्तिसंग्रामात पश्चिम बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनाबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा यांचे द्रावण पिंपांत भरून रुग्णांना पाजायला लावले. मृत्यूचे प्रमाण ३० टक्क्यांच्या घरातून ३.६ टक्क्यांवर आले. साखर बरोबर असली की आतडे मीठ ओढून घेते आणि त्यामागे पाणी जाते, एवढेच त्याचे तत्त्व. २००२ पासूनच्या सूत्रानुसार लिटरभर पाण्यासाठी २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराईड आणि २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट लागते. महालनाबीस २०२२ मध्ये वारले. पद्मविभूषण त्यांना मरणोत्तर, २०२३ मध्ये मिळाले. ‘बी.पी. आहे’ म्हणून जुलाबातही बिनमिठाचे ताक देणे ही आमच्या घरातील समजूत होती. ती आमच्या एकट्याच्या घरात असेल असे मला वाटत नाही.

शहाळ्याबद्दलही लिहायला हवे. शहाळ्याच्या पाण्यात सोडियम थोडे आणि पोटॅशियम पुष्कळ असते. मूत्रपिंड मंदावलेले, त्यात अल्डोस्टेरॉनची साखळी औषधाने रोखलेली, अशा माणसाच्या रक्तात पोटॅशियम साठत जाते आणि ते प्रमाणाबाहेर वाढले तर हृदयाची लय बिघडते. दुकानांत मिळणाऱ्या ‘लो सोडियम’ मिठालाही हेच लागू आहे. त्यातील काही सोडियमची जागा पोटॅशियमने घेतलेली असते. असे मीठ वापरण्याची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२५ मध्ये केली खरी, पण ती धडधाकट प्रौढांसाठी. मूत्रपिंडाचे रुग्ण त्यातून वगळलेले आहेत. पुडक्यावरची बारीक अक्षरे कोणी वाचत नाही, म्हणून हे वर्गात सांगण्यासारखे आहे.

रमजानच्या दिवसांत विद्यार्थी एक प्रश्न हमखास विचारतात, की रोजाने मूत्रपिंडावर ताण येतो का. निरोगी माणसाच्या बाबतीत वर सांगितलेल्या यंत्रणेचे हे रोजचेच काम आहे. दुपारनंतर व्हेसोप्रेसिन वाढते, लघवी थोडी आणि गडद होते, संध्याकाळी पाणी मिळाले की ती पुन्हा फिकी होते. दिवसभराचा कचरा बाहेर टाकण्यास मूत्रपिंडाला किमान अर्धा लिटर लघवी पुरते. सहरीला खारट लोणचे, पापड, फरसाण खाल्ले तर मात्र दाटपणाचा काटा सकाळीच वर चढलेला असतो आणि तहान लवकर लागते. ज्यांचे मूत्रपिंड आधीच दुबळे आहे, किंवा जे प्रिल, सार्टन वा लघवीच्या गोळ्या घेतात, त्यांनी गोळ्यांच्या वेळा आणि रोजा याविषयी रमजानच्या आधीच डॉक्टरांशी बोलावे. आमचे मामू आता तसे बोलतात.

त्यांचे क्रिएटिनिन अकरा दिवसांनी १.४ वर आले. पूर्वीच्या १.१ वर ते पुन्हा आले नाही. टेल्मिसार्टन डॉक्टरांनी महिन्याभराने पुन्हा सुरू केली. लघवीची गोळी बंदच आहे. गोळ्यांच्या डब्याच्या झाकणावर त्यांनी स्वतःच्या वळणदार नस्तालीकमध्ये चिठ्ठी लिहून चिकटवली आहे, की उलट्या-जुलाब लागले तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून कोणती गोळी थांबवायची ते विचारणे. घरातील मुलांना उर्दू वाचता येत नाही, म्हणून तिच्याखाली तोच मजकूर मी मराठीत लिहिला आहे.